शेजारच्या सीटवरचा चौकोन

हुसुमच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
मी दिवसाला दोनशे चेहरे पाहते.
वेगात असताना माणूस कसा दिसतो
ते त्याच्या घरच्यांपेक्षा मला जास्त ठाऊक.
कुणी तोंड वासून गातंय, कुणाची जांभई अर्ध्यात अडकलेली,
एक पाद्री तर दातांत पाव धरून गिअर बदलणारा.
आणि मग माझं पत्र : इतके युरो, चौदा दिवसांत.

शेजारी बसलेल्याचा चेहरा मात्र झाकायचा.
तसा नियमच आहे. गुन्हा चालवणाऱ्याचा,
बाजूला कोण होतं ते कुणाला कळायला नको.
(या नियमाने किती संसार वाचले, ते मी बोलत नाही.)
संगणक आपणहून काळा चौकोन टाकतो,
थोडा हुकलाच तर मी माउसने ओढून नीट बसवते.

हेनिंग ब्रोडरसन, वय एकाहत्तर, रेडिओ दुरुस्त करायचा.
फेब्रुवारी, पहाटे तीन बावीस,
सत्तरच्या रस्त्यावर एकशे चार.
बाजूला चौकोन.
त्याचं पत्र आलं, शाईने लिहिलेलं, ओळी उतरत गेलेल्या :
दंड भरला आहे, तक्रार नाही.
बाजूला वीबके होती, माझी बायको.
दवाखाना अजून अकरा किलोमीटर होता.
त्यानंतर तिचा फोटो कुणी काढला नाही.
तेवढा चौकोन काढून पाठवता आला तर

पुढे पूर्णविरामसुद्धा नव्हता.
मी छापील उत्तर पाठवलं, परिच्छेद चौथा :
शेजारी बसलेल्या व्यक्तीची लेखी संमती जोडावी.

त्या खांबावर अख्खा गाव आधीपासून खार खाऊन.
दूधवाला टँकर थांबवून त्याच्या काचेला शेण फासायचा,
कुणी एका हिवाळ्यात त्याला विणलेली टोपी घातली,
डोळ्यांपर्यंत ओढून. आम्ही पुसायचो. टोपी मी घरी नेली.
हेनिंगने काही फासलं नाही.
तो गॅरेजमध्ये बसला, तांब्याची तार गुंडाळत.
शेजारीण सांगते, आधी तिचं स्वयंपाकघरातलं घड्याळ गेलं,
मग फाटकावरचा दिवा,
मग गवत कापणारा रोबो वाफ्यात थबकला
मेंढी विचारात पडावी तसा.
वीज कडाडली म्हणावं तर आभाळ धुतल्यासारखं.

ऑक्टोबरात खांबाने शेवटचं चित्र पाठवलं.
जुनी ओपेल, वेग एक्क्याण्णव. मुद्दाम.
सत्तरच्या आत राहता तर त्याने डोळा उघडलाच नसता,
आणि याला तर नजरेला नजर हवी होती.
पण ऐनवेळी याचेच डोळे मिटलेले,
गाल फुगवलेले,
वाढदिवसाची मेणबत्ती विझवताना पोर फुगवतं तसे.
पुढे काही नाही. पुढचं चित्रच नाही.

पोलीस पोचले तेव्हा खांब मेलेला, ओपेल मेलेली,
मनगटावरचं घड्याळ सहा चौदावर,
कानातलं यंत्रही गेलेलं.
तो बांधाच्या उतारावर बसून होता.
हवालदारीणबाईंनी त्याला त्याचे हक्क वाचून दाखवले.
तो म्हणाला, जरा मोठ्याने, पोरी.
मग म्हणाला, नाहीतर राहू दे.

गाडीत यंत्र सापडलं नाही.
कालव्यात गळ टाकले : गाळ, सायकलचं चाक,
आणि पुन्हा गाळ.
आता फ्लेन्सबुर्गहून विचारणा आली आहे,
बाजूच्या सीटवर काय होतं ते कळवा.

मी चित्र मोठं करून पाहते.
सीटचा पट्टा लावलेला, तिरका, नीट ताणून,
खाली गुडघ्यांच्या जागी लोकरीची शाल.
वर संगणकाला चेहरा दिसला असावा :
तारेचं गोल वेटोळं, दोन बटणं, काय कोण जाणे.
त्याने त्याचं काम केलं आहे.
यावेळी चौकोन जराही हुकलेला नाही.

साहेब लिहितात, तातडीने चौकोन काढून पाठवावा.
मी कॉफी आणते. खुर्ची पुढे ओढते.
चौथा परिच्छेद जोडते.